वीस ट्यूबांचा क्रम

हुफूफ, ५ ऑक्टोबर २०२४

चि. कीर्तीस,

मावशीचे भरपूर आशीर्वाद, आणि लगेच तक्रार. तुझं मागचं पत्र म्हणजे निव्वळ औषधाची चिठ्ठी होती. ‘य’ आणि ‘थ’ यांत थोडा तरी फरक ठेवत जा. डोळ्यांच्या डॉक्टरने दुसऱ्याचे डोळे असे शिणवू नयेत.

“फोन असताना पत्रं कशाला, आई?” असं नीलेशने परवा पुन्हा विचारलं. फोन आहे, पण तो स्पीकरवर टाकतो आणि सोफ्यावर बसून आपल्या मावशी-भाचीच्या बोलण्यात स्वतःची मतं घालतो. शिवाय फोनवर माझा डावा कान अर्धंच ऐकतो, उरलेलं मी मनाने भरते. त्यापेक्षा कादिरभाई बरे. मंडणगडचा माणूस, तुझ्या जेद्द्यात शराफिया बाजारात दुकान, दर दोन-तीन आठवड्यांनी खजुरासाठी सौदीच्या त्या टोकाहून इथे खेप. पत्र नेतात, उत्तर आणतात, आणि मध्ये कुणाच्या घरात नाक खुपसत नाहीत.

तर बातमी अशी की तुझ्या मावशीला इथे सोबत मिळाली. लेक-सून सकाळी सातला कामावर गेले की मी आणि एसी दोघंच घरात उरायचो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी टायरचं दुकान होतं. त्या शटरच्या आत आता एक चित्रकार राहतो. चेक आहे, तिकडच्या कुठल्याशा लहान गावचा. यारोमिर व्लचेक. आडनाव उच्चारताना माझी कवळी सुटते, म्हणून मी यारोमिर म्हणते, आणि मी ड्रॉइंग टीचर होते हे कळल्यापासून तो मला ‘टीचर’ म्हणतो. बोलणं दोघांच्या मोडक्या इंग्रजीत. वय एकाहत्तर, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पण हातात ब्रश असलेल्या कुणालाही मला अहो-जाहो करता येत नाही, ती शाळेची सवय.

मी सांगलीत एकतीस वर्षं पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली. पण शिकणं कशाला म्हणतात ते याच्याकडून ऐकावं. याच्या वडिलांचा निळीने कापड रंगवायचा कारखाना होता. ठशाने कापडावर चिकट लेप लावायचा, कापड निळीच्या हौदात बुडवायचं, आणि लेप धुतला की निळ्यावर पांढरी फुलं उरायची. हा लहानपणी कोपरापर्यंत निळा असायचा. चौदाव्या वर्षी बापाने त्याला कुबाट नावाच्या म्हाताऱ्याकडे टाकलं. हा कुबाट नाटकांचे पडदे रंगवायचा. पहिलं वर्षभर फक्त ब्रश धुवायचे. दुसऱ्या वर्षी एका लाकडी ट्रेमध्ये वीस रंग, ठरलेल्या क्रमाने. पांढरा अंगठ्याजवळ, काळा टोकाला, निळा बाराव्या जागी. मग कुबाट भर कामात दिवा मालवायचा आणि अंधारात ओरडायचा, “निळा.” चुकीची ट्यूब उचलली की याला रंगमंच झाडावा लागायचा. “डोळे आधी म्हातारे होतात, हात सगळ्यांत शेवटी,” हे कुबाटचं म्हणणं यारोमिर मला रोज एकदा ऐकवतो.

सध्या तो मोठं चित्र करतोय. त्याचा कफील, म्हणजे इथला जामीनदार, अदनान, खजुराच्या बागांचा मालक, नवी मजलिस बांधतोय. पाहुण्यांची बैठक ती. तिथे लावायला बागेतल्या झऱ्याचं चित्र हवंय, कारण अदनानचे वडील त्या झऱ्याकाठी बसायचे आणि ते दोन वर्षांपूर्वी गेले. हा दिवसभर रंगवतो. दुपारच्या उन्हात मात्र बाहेर पाऊल टाकत नाही, डोळ्यांवर हात धरून आत पळतो. आणि मोबाइलवरचे सगळे मेसेज माझ्याकडून वाचून घेतो. म्हणतो, टीचर, तुमचा आवाज छान आहे.

तुझी,
अहिल्यामावशी

जेद्दा, ११ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. अक्षर या खेपेला दोन्ही रेघांच्या आत ठेवलं आहे, लाल पेनाने तपासून परत पाठव.

‘तुमचा आवाज छान आहे’ असं म्हणून मेसेज वाचून घेणारा एकाहत्तर वर्षांचा माणूस. मावशी, मला असं आयुष्यात एकदाच कुणी म्हणालं होतं. तो भूल देणारा डॉक्टर होता आणि त्याला माझ्याशी ड्यूटी बदलून हवी होती. तेव्हा सावध राहा. उन्हात न जाणारा, अंधाऱ्या खोलीत बसणारा, निळ्या हातांचा चित्रकार. नीलेशला यातलं किती माहीत आहे? माझ्याकडून काही कळणार नाही, पण आंब्याच्या लोणच्याची एक बरणी लागेल.

माझं नेहमीचंच. मंगळवारी चौदा मोतीबिंदू. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, त्यामुळे संध्याकाळी कुणाच्या डोळ्यांत बघायची हौस उरत नाही, आणि आई म्हणते, म्हणूनच माझं लग्न झालं नाही. शराफियात कादिरभाईंच्या दुकानात काल ओले बोंबील आले होते. त्यांनी तुझी चौकशी केली, “मावशी बऱ्या हायत ना?” एवढीच. तू म्हणतेस ते खरं, फार बोलत नाहीत.

एक विनंती. त्यांच्या खोलीत जाऊन आवराआवर करू नकोस. एम. एस.च्या वर्षी तू माझं कपाट लावलंस, त्यानंतर परीक्षेच्या सकाळी मला एक वही सापडली नव्हती. ती अजून सापडलेली नाही.

तुझीच,
कीर्ती

हुफूफ, २९ ऑक्टोबर २०२४

चि. कीर्तीस,

आशीर्वाद. तुझं पत्र कादिरभाईंनी पंचवीस तारखेला दिलं आणि मी चोवीसला आवरलं होतं. म्हणजे मी तुझं ऐकलं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

झालं असं की यारोमिर दोन दिवस दम्मामला गेला, इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, काहीतरी काम होतं. पुदिन्याच्या कुंडीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. आता किल्ली हातात, समोर ते टेबल. चिंध्या, टर्पेन्टाइनच्या बाटल्या, तीन कपांत तीन दिवसांचा चहा. ट्यूबांवरची लेबलं रंगाने बुजलेली, झाकणं वाळलेल्या रंगाने चिकटलेली. मी तीन तास लावले. झाकणं व्हिनेगरने पुसून काढली. एकेक उघडून आत कुठला रंग आहे ते पाहिलं आणि वीसच्या वीस ट्यूबा ट्रेमध्ये नीट लावल्या, फिक्यापासून गडदापर्यंत, आपल्या शाळेच्या कपाटात असायच्या तशा. कुबाटचा क्रम कुबाटपाशी. तो काही शास्त्राला धरून नव्हता, पिवळ्याशेजारी करडा म्हणजे काय?

आणि हा परत आला, बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, “आज आलं जास्त झालंय.” टेबलाबद्दल एक अक्षर नाही. पुरुषांसाठी कधी काही करू नये, हे तुला लग्न न करताच कळलं ते बरंच झालं.

तू विचारलं नाहीस तरी पुढचं सांगते. कुबाटने पाच वर्षं घडवल्यावर तो प्रागच्या अकादमीत गेला. तिथे दोन वर्षं उत्तम चालली. मग एक काका सरहद्द ओलांडून पळाला आणि त्याच्यापायी याला काढून टाकलं. सरकारी कागदावर कारण होतं ‘प्रगती समाधानकारक नाही’. मग जत्रेतल्या पाळण्यांचे लाकडी घोडे रंगवले, अकराशे घोडे, आणि प्रत्येकाने हसायला हवं असा मालकाचा हुकूम. नंतर बॉयलरमध्ये कोळसा टाकला. नंतर चर्चच्या छतांना पाठीवर झोपून रंग लावला. सरकारं बदलली तेव्हा हा चाळिशीकडे झुकलेला. पुढे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावी बागेत बसून चित्रं विकायचा. तिथे अदनानचे वडील गुडघ्यांच्या उपचाराला आले होते. एक महिना रोज याच्या मागे उभे राहिले आणि शेवटच्या दिवशी म्हणाले, आमच्याकडेही झरे आहेत, यल्ला, चल. अकरा वर्षं झाली त्याला.

“मला तुम्ही अकादमीतून का काढत नाही?” असं त्याने मला काल विचारलं. मी म्हटलं, प्रगती समाधानकारक आहे. खूप वेळ हसत होता.

अहिल्यामावशी

जेद्दा, ४ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

कादिरभाई दुकानात उभे आहेत आणि गाडी चालू आहे, म्हणून थोडक्यात. त्यांना टेबल दिसलं नाही असं नाही, ते घाबरलेत. मीही त्या कपाटाबद्दल तुला दोन वर्षं काही बोलले नव्हते. लोणचं पोचलं, बरणी अर्धी झाली. अकराशे हसऱ्या घोड्यांपैकी एक तरी मला चित्रात हवा, तुझ्या वशिल्याने बघ.

कीर्ती

हुफूफ, २१ नोव्हेंबर २०२४

चि. कीर्ती,

आज मोठं पत्र नाही.

झऱ्याचं चित्र गेल्या रविवारी पुरं झालं. त्याने मला दाखवलं. आकाश कांद्याच्या सालीच्या रंगाचं होतं आणि पाणी वांग्याच्या.  मग वाटलं, आपण पडलो शाळेतले, हा अकादमीतला, असेल काही आधुनिक. “वा,” म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, “खरंच, टीचर?” मी पुन्हा म्हटलं, वा.

मंगळवारी अदनान दोन भावांना घेऊन बघायला आला. भला माणूस आहे. बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “या पाण्याला काय झालं?” यारोमिर म्हणाला, “कुठे?” अदनानने बोट दाखवलं. यारोमिर चित्राच्या इतका जवळ गेला की नाकाला रंग लागला. मग तो खुर्चीत बसला. भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. अदनान म्हणाला, घाई नाही, सावकाश बघू, आणि सगळे गेले.

तेव्हापासून शटर अर्धंच उघडतो. मला म्हणाला, “टीचर, खलास. हात विसरला. डोळे जातात, हात जात नाही असं कुबाट म्हणायचा. माझा हात गेला.” अठ्ठावीस डिसेंबरला कायमचं परत जायचं ठरवलंय. तिकडे त्याचं कुणी नाही. बहीण होती, ती करोनात गेली. दोन ब्रश कादिरभाईंना देऊन टाकले. कादिरभाई ते किती वेळ हातात धरून उभे होते.

मी रोज चहा नेते. तो पितो. मीही पिते. 

तू विचारशील म्हणून आधीच लिहिते, मी काहीही केलेलं नाही.

अहिल्यामावशी

जेद्दा, २५ नोव्हेंबर २०२४ (कुरियरने)

मावशी,

नमस्कार राहू दे. कादिरभाई पुढच्या आठवड्याशिवाय निघणार नाहीत, म्हणून कुरियर. आणि यातलं काही फोनवर, नीलेशच्या सोफ्यासमोर बोलायचं नाही, म्हणून पत्र.

मी आज तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली आणि मला माझीच लाज वाटली. उन्हात डोळ्यांवर हात. मेसेज दुसऱ्याकडून वाचून घेणं. तीन तास घासलेलं टेबल दिसलं नाही. मी दिवसाला चौदा माणसांना हेच प्रश्न विचारते, आणि तू न विचारता सगळी उत्तरं लिहून पाठवलीस तेव्हा मी तुझं लग्न लावत बसले होते.

त्यांना मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि खूप जुना. असा पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यासमोर कडक चहा धरल्यासारखं. पहिला जातो निळा. निळा, जांभळा, काळा, गडद हिरवा, सगळे एकाच मातकट रंगाचे होतात. वर्षानुवर्षं हळूहळू होतं, त्यामुळे आजूबाजूच्यांना कळत नाही.

मग ते इतकी वर्षं बरोबर कसे रंगवत होते? मावशी, ते रंग बघून घेत नव्हते. मोजून घेत होते. बारावी ट्यूब निळी, बस. कुबाटने अंधारात शिकवलं ते त्यांनी अंधारात वापरलं. आणि चोवीस ऑक्टोबरला बाराव्या जागी कुठला रंग आला ते तुलाच माहीत. मला वाटतं, जांभळा.

त्यांचा हात काहीही विसरलेला नाही. हात बरोबर बाराव्या जागी गेला. हे फक्त तुला माहीत आहे, आणि आता मला. ते अठ्ठावीस तारखेला निघून जातील तेव्हा आयुष्यभराची एकच कमाई गेली असं समजून जातील. तू त्यांना सांग. लगेच सांग. डोळ्यांचं मी बघते, वीस मिनिटांचं काम आहे.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. पण ‘मी काहीही केलेलं नाही’ हे वाक्य तू आधी खोडून टाक.

कीर्ती

हुफूफ, ६ डिसेंबर २०२४

चि. कीर्तीस,

खोडलं.

तुझं पत्र सत्तावीसला आलं आणि मी सांगितलं पाच डिसेंबरला. मधले आठ दिवस मी रोज चहा घेऊन खाली गेले आणि रोज रिकामे कप घेऊन वर आले. एकतीस वर्षांत मी किती पोरांना ‘चूक कबूल करायला दोन मिनिटं लागतात’ म्हणून वर्गाबाहेर उभं केलं असेल. ती पोरं बारा-तेरा वर्षांची होती, त्यांना जमायचं. मी जेवत नाही म्हणून सुनेने नीलेशला सांगितलं, नीलेशने मला ॲसिडिटीची गोळी दिली.

काल कादिरभाई आले. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच जास्तीचं बोलले. “मावशी, त्यो म्हातारा पन जेवत नाय, तुमी पन जेवत नाय. दोघांचं एकच दुखनं असंल तर एकदा बोलून टाका ना.” एवढं बोलून स्वतःच लाजले आणि पत्र न घेता खजूर बघायला गेले.

मी खाली गेले. उभ्यानेच सांगितलं. तुझ्या ट्यूबा मी हलवल्या. चोवीस ऑक्टोबरला. आणि चित्र मला आवडलं नव्हतं, तरी वा म्हटलं. दोन्ही माझ्या चुका आहेत, तुझ्या हाताची एकही नाही.

तो म्हणाला, “माहीत आहे.”

कीर्ती, त्याला माहीत होतं. अदनान गेला त्याच दिवशी त्याने ट्रेवरून बोटं फिरवली होती. प्रत्येक ट्यूब तो वेगळ्या जागी दाबतो, निळीला शेपटाशी दोन घड्या. त्या दोन घड्या त्याला सतराव्या जागी सापडल्या. आणि व्हिनेगरचा वास तर येतच होता. सोळा दिवस तो मला काही बोलला नाही, आणि मी त्याला. रोज समोरासमोर बसून चहा.

मी विचारलं, मग हात गेला असं का सांगितलंस? तो म्हणाला, “हात गेला म्हटलं तर लोक म्हणतात म्हातारा झाला. डोळे गेले म्हटलं तर विचारतात, कधी गेले. आठ वर्षांपूर्वी, असं सांगावं लागलं असतं. अदनानकडे माझी नऊ चित्रं आहेत या आठ वर्षांतली. त्यांतला निळा मी एकदाही पाहिलेला नाही. त्याच्या वडिलांनी मला विश्वासाने आणलं, टीचर. मी आंधळ्याने काढलेली चित्रं त्यांच्या भिंतीवर लावली.” म्हणून चाललाय. लबाडी उघडी पडण्यापेक्षा म्हातारपण बरं, असा हिशेब.

मी तुझं सांगितलं. वीस मिनिटं. तर म्हणतो, नको. निळा दिसायला लागला आणि ती नऊ चित्रं चुकलेली दिसली तर? कुबाट खोटा ठरेल, आणि अकादमीवाले खरे ठरतील.

मला त्याला सांगायचं होतं की चित्रं बरोबर आहेत. मी ती अदनानकडे पाहिलीत, आकाश आकाशासारखं आहे. पण मी वांग्याच्या पाण्यालाही वा म्हटलं होतं. माझ्या शब्दाला आता काय किंमत? म्हणून मी खरं तेच म्हटलं. म्हटलं, यारोमिर, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः जाऊन बघ. आणि मला रडू आलं. त्याने मला स्वतःची रंगाची चिंधी दिली, त्यामुळे मी हिरवं नाक घेऊन वर आले.

कादिरभाई त्याला बुधवारी गाडीतून आणताहेत. सांभाळ त्याला. आणि कीर्ती, हे बिघडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

अहिल्यामावशी

जेद्दा, २२ डिसेंबर २०२४

ती. मावशीस,

सावकाश, सविस्तर आणि गोलाकार अक्षरात नमस्कार.

उजवा डोळा सोळा तारखेला केला. भिंग इतकं कडक झालं होतं की वीसऐवजी पन्नास मिनिटं लागली. बाहेर आले तेव्हा माझ्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, तुम्हाला घाम आलाय. मला टेबलावर कधी घाम येत नाही. त्या पन्नास मिनिटांत तू माझ्या मागे उभी आहेस असं वाटत होतं, लाल पेन घेऊन.

ऑपरेशनच्या आधी-नंतरचे तिन्ही दिवस कादिरभाई दुकान सोडून इथेच होते. म्हाताऱ्यांना इंग्रजी थोडं, कादिरभाईंना त्याहून थोडं, तरी दोघांचं अरबीत काहीतरी चाललेलं असायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी यारोमिरना घरी नेऊन भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी रक्तदाब वाढलेला होता, कारण मी लिहून ठेवलंय.

सतराला सकाळी पट्टी काढली. मी नेहमी विचारते तसं विचारलं, किती बोटं?  ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. मागे सफाईवाल्या ताईंची बादली होती. प्लास्टिकची, निळी. ते उठले, बादलीपाशी गेले, वाकले. आतल्या फिनेलच्या पाण्यातही पाहिलं. ती ताई घाबरून म्हणाली, “साब, क्या गिर गया?” त्यांना हिंदी येत नाही. दहा मिनिटं तिथेच होते. मागे सहा पेशंट ताटकळले होते.

मग मला म्हणाले, “माझ्या वडिलांचा हौद.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला डॉक्टर म्हणून सांगावं लागलं की नव्या डोळ्याला रडणं आज वर्ज्य आहे. माझ्याही आलं होतं. माझे डोळे जुने आहेत, चालतं.

आता मुद्द्याचं. ते सरळ आपल्या खोलीवर जाणार नाहीत, आधी अदनानच्या जुन्या मजलिसीत जाणार, चित्रं तिथे लावलेली आहेत. अठ्ठावीसचं विमान रद्द केलेलं नाही. “ती नऊ चित्रं बघेन आणि मग ठरवेन,” म्हणाले. मी खूप समजावलं. तुझ्याइतकीच हट्टी जात आहे. दुसरा डोळा फेब्रुवारीत करायचा आहे, पण त्यासाठी माणूस या देशात राहायला हवा.

मी नास्तिक आहे हे तुला माहीत आहे. तरी या आठवड्यात तू जे काही करत असशील, दिवा वगैरे, ते माझ्याही नावाने कर.

कीर्ती

हुफूफ, ३ जानेवारी २०२५

चि. कीर्तीस,

दिवा लावला होता. नीलेश म्हणाला स्मोक अलार्म वाजेल. वाजला.

सव्वीसला दुपारी अदनानची गाडी आमच्या दारात. यारोमिर मजलिसीत पोचला होता आणि आत जाईना, म्हणून टीचरला बोलावलं होतं. मी गेले. दाराशी तो उभा, जोडे काढलेले, एका डोळ्यावर हात. न केलेला डोळा झाकून घेतला होता, खोटं बोलणारा साक्षीदार बाहेर ठेवावा तसा. त्याने आत जायच्या आधीच अदनानला सगळं सांगून टाकलं होतं. अदनान गंभीर होता. मला वाटलं, झालं, आता इकामा गेला.

अदनान मला म्हणाला, “आठ वर्षं मी सकाळी बाहेर आकाश बघतो आणि आत येऊन याचं बघतो. मला कधी फरक दिसला नाही. माझ्या वडिलांनाही नाही. आता हा म्हणतो की याने पाहिलंच नव्हतं. तर आता त्यालाच बघू दे.”

नऊ चित्रं, कीर्ती. एकेकापुढे उभा राहिला. मी आणि अदनान मागे. नवव्यापाशी तो वळला आणि म्हणाला, “बरोबर आहेत. सगळी बरोबर आहेत.” मग खाली गालिच्यावरच बसला आणि हसायला लागला. म्हणाला, “नऊही अगदी एकसारखी बरोबर आहेत. सकाळचं आकाश, दुपारचं आकाश, सगळं बारा नंबर. कुबाट पास झाला, टीचर. मी नापास.” अदनानने कॉफी मागवली. तो म्हणाला, “मग दहावं नीट काढ,” आणि विषय संपवला. विमान रद्द करायला नीलेशला संध्याकाळपर्यंत फोन लावावे लागले.

आता मी तुला जे सांगणार आहे त्याने मला काय झालं ते नीट लिहिता येणार नाही. मी वीसला सांगलीला निघते, व्हिसा संपतोय. काल खाली गेले तेव्हा झऱ्याचं ते वांगं-चित्र त्याने पार खरवडून काढलं होतं आणि पुन्हा कोरा कॅनव्हास. ट्रे समोर, कुबाटच्या क्रमाने लावलेला. मी दारातच थांबले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, काही हलवलं असं नको व्हायला.

तो म्हणाला, “टीचर, इकडे या. हे सगळे मिसळा.”

मी म्हटलं, नाही हं.

“मिसळा. रोज सकाळी मी बसायच्या आधी मिसळून ठेवा, जाईपर्यंत. तुम्ही गेल्यावर मी कादिरला सांगेन, तुमच्या सुनेला सांगेन, कुणालाही सांगेन. मला आता शोधायचे आहेत.”

मी मिसळले. दोन ट्यूबा खाली पडल्या. तो तोंड फिरवून भिंतीकडे उभा होता, शिक्षा म्हणून उभं करतात तसा. मग बसला. मी हळूच म्हटलं, “निळा.”

त्याने हात पुढे केला आणि बारावी जागा येण्याआधीच मागे घेतला. मग एकेक ट्यूब उचलून खिडकीपाशी नेऊ लागला. झाकण काढायचा, थेंबभर बोटावर घ्यायचा, उजेडात धरायचा, ठेवायचा. काळा. गडद हिरवा. जांभळा, त्याच्याकडे बघून माझ्याकडे पाहिलं. मला ती ट्यूब कुठे आहे ते दिसत होतं, अगदी त्याच्या कोपराशी. मी बोलले नाही. एकतीस वर्षांत एखादं पोर अडलं की मी मिनिटभरात उत्तर सांगून टाकायची, माझ्याने बघवायचं नाही.

त्याला अकरा मिनिटं लागली. मी थांबले.

तुझी,
अहिल्यामावशी